सिंहस्थाआधीचा प्रश्न: हॅमचा रिपीटर कुलूपबंद असावा की खुला?

ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये नाशिक आणि त्र्यंबकेश्वरला सिंहस्थाची मुख्य स्नाने होतील. रामकुंडापासून तपोवनापर्यंत लाखो माणसे एकाच वेळी फोन काढतात तेव्हा रेंजच्या कांड्या दिसतात पण कॉल लागत नाही, हे नाशिककरांना वेगळे सांगायला नको. २७ ऑगस्ट २००३ रोजी रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन तीसहून अधिक भाविक दगावले. पुढची खबर मागे उभ्या असलेल्यांपर्यंत वेळेत पोहोचणे किती मोलाचे असते, याची जाणीव या शहराला तेव्हापासून आहे. हौशी रेडिओचे परवानाधारक, म्हणजे हॅम, अशा प्रसंगी पर्यायी दळणवळण उभे करू शकतात. त्यासाठी नवा डिजिटल रिपीटर, म्हणजे आलेला सिग्नल जोराने पुन्हा पाठवणारे केंद्र, घ्यायचे म्हटले की पहिली चर्चा पैशांची होते आणि दुसरी अँटेना कुठे लावायची याची. या दोन्हींच्या आधी एक गोष्ट ठरली पाहिजे: त्या रिपीटरमधून जाणारा आवाज कोणाच्या मालकीच्या सूत्राने बांधला जाणार?

माझे मत सरळ आहे. स्वतःच्या पैशाने सेट घेणाऱ्याने हवा तो घ्यावा. पण क्लबच्या, कॉलेजच्या किंवा वर्गणीच्या पैशातून जे सामायिक उभे राहते, म्हणजे रिपीटर, गेटवे (इंटरनेटशी जोडणारा दुवा), शिकवण्याचे संच, ते आपल्याला उघडता येईल, दुरुस्त करता येईल आणि पुढच्याला शिकवता येईल अशाच तंत्रज्ञानावर उभे राहावे. आणि जिथे खुले डिजिटल अजून कच्चे आहे तिथे बंद डिजिटल न आणता साधे एफएम ठेवावे.

कुलूप नेमके कुठे आहे ते आधी पाहू, कारण यात गल्लत फार होते. डिजिटल आवाजाच्या तीन पद्धती घ्या. डी-स्टार ही जपानच्या हौशी रेडिओ संघटनेने, जेएआरएलने, विकसित केली. डीएमआर हे युरोपच्या एत्सी संस्थेचे प्रसिद्ध मानक आहे: १२.५ किलोहर्ट्झच्या एका चॅनेलमध्ये दोन टाइमस्लॉट, ४एफएसके (चार फ्रिक्वेन्सी-पातळ्यांचे) मॉड्युलेशन, सेकंदाला ९६०० बिट. याएसूची सिस्टिम फ्यूजन २०१३ पासून बाजारात आहे. तिन्हींची हवेतली रचना वाचायला मिळते. डीएमआरवाले म्हणतात, ‘आमचे मानक खुलेच आहे की!’ ते अर्धे खरे आहे. हवेत बिट कसे रचायचे ते खुले आहे. माणसाचा आवाज बिटांत कसा बदलायचा ते नाही. तिन्ही पद्धतींत आवाजाचे काम एएमबीई घराण्याचा व्होकोडर करतो. तो डिजिटल व्हॉइस सिस्टिम्स या अमेरिकी कंपनीच्या मालकीचा आहे आणि रीतसर वापरायचा तर त्यांची चिप किंवा परवाना विकत घ्यावा लागतो. हॅमच्या हातातल्या यंत्राचा सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणजे बोलणे, अशा डबीत आहे जिच्या आत पाहायची सोय नाही.

याला पर्याय गेली काही वर्षे तयार आहे. ऑस्ट्रेलियाचे डेव्हिड रोव्ह यांनी कोडेक२ हा व्होकोडर लिहिला आणि खुल्या परवान्याने दिला. सेकंदाला ३२०० बिटांपासून खाली ७०० बिटांपर्यंत तो चालतो. एचएफवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या लघुलहरींवर, त्याच्यावरच फ्रीडीव्ही ही डिजिटल आवाजाची पद्धत उभी राहिली. जवळच्या पल्ल्याच्या व्हीएचएफ-यूएचएफसाठी पोलंडच्या वॉइचेख काच्मार्स्की यांनी २०१९ मध्ये एम१७ ही खुली पद्धत सुरू केली. नाव वॉर्सामधल्या मोकोतोव्स्का रस्त्यावरच्या १७ क्रमांकाच्या पत्त्यावरून आले. एम१७ मध्ये सेकंदाला ४८०० चिन्हे, प्रत्येक चिन्हात २ बिट, म्हणजे ९६०० बिट, आणि व्यापलेली रुंदी साधारण ९ किलोहर्ट्झ. एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, तिच्यात कोडेक२ चे २०-२० मिलिसेकंदांचे दोन तुकडे, प्रत्येकी ६४ बिटांचे. हे सगळे आकडे आणि त्यांमागची कारणे प्रसिद्ध दस्तऐवजात आहेत आणि बारावी झालेला, थोडे सी किंवा पायथन येणारा मुलगा ते वाचून काम करणारा डिकोडर लिहू शकतो.

पत्त्याचेच उदाहरण घ्या. डीएमआरमध्ये प्रत्येकाला आधी एक अंकी ओळख मिळवावी लागते, मग सेटमध्ये कोडप्लग, म्हणजे सेटिंगची फाइल, भरावा लागतो: टॉकग्रुप, कलर कोड, टाइमस्लॉट, रिसीव्ह ग्रुप यादी. यातले एक चुकले की सेट चालू, सिग्नल पूर्ण, आणि आवाज शून्य. एम१७ मध्ये पत्ता म्हणजे थेट कॉलसाइन. इंग्रजी २६ अक्षरे, १० अंक, तीन विरामचिन्हे आणि रिकामी जागा मिळून ४० चिन्हे होतात. ४० चा नववा घात ४८ बिटांत मावतो, म्हणून नऊ अक्षरांपर्यंतचे कॉलसाइन ४८ बिटांत बसते. पुण्याहून किंवा धुळ्याहून मदतीला आलेल्या हॅमला फ्रिक्वेन्सी आणि चॅनेलचा एक अंक सांगितला की तो कामाला लागतो. पर्वणीच्या आदल्या रात्री वीस जणांचे कोडप्लग एका विंडोज लॅपटॉपवर भरत बसणे ही काय कसरत असते, ते ज्यांनी केले आहे त्यांना कळेल. त्यात एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांना एकमेकींची फाइल चालत नाही.

आता मराठीचा मुद्दा, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कमी बिटांचे व्होकोडर आवाज जसाच्या तसा पाठवत नाहीत. ते दर २० मिलिसेकंदांना स्वराची उंची, ऊर्जा आणि वर्णपटाचा ढोबळ आकार मोजतात, तेवढेच आकडे पाठवतात, आणि पलीकडे त्यावरून आवाज पुन्हा रचतात. नमुने सेकंदाला ८००० घेतले जातात, म्हणून ४ किलोहर्ट्झच्या वरचे काहीच जात नाही. ‘सात’ आणि ‘साठ’ यांतला फरक शेवटच्या व्यंजनाच्या क्षणभराच्या स्फोटात आणि त्यामागच्या श्वासात असतो. तो एखाद्या-दुसऱ्या फ्रेममध्येच बसतो, आणि नेमकी तीच फ्रेम खराब झाली तर रुग्णवाहिका किती हव्यात हा आकडा बदलतो. बंद व्होकोडरमध्ये हे आपण फक्त सोसू शकतो. कोडेक२ मध्ये ते तपासता येते, तेही कॉलेजच्या प्रयोगशाळेत, एकही रेडिओ न वापरता.

रीत अशी. वेगवेगळ्या वयाच्या स्त्री-पुरुषांकडून शब्दांच्या जोड्या वाचून घ्या: सात-साठ, आठ-साठ, एकोणसाठ-एकसष्ट, वणी-वाणी, आणि सिन्नर, घोटी, पिंपळगाव, दिंडोरी, सप्तशृंगी गड अशी जिल्ह्यातली नावे. फाइल ८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो आणि हेडर नसलेली रॉ स्वरूपाची करा. सॉक्स हे मोफत साधन ते एका ओळीत करते. इथेच बहुतेक जण अडतात. ४४.१ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल तशीच दिली तर खरखरीशिवाय काही ऐकू येत नाही आणि दोष कोडेकच्या माथी जातो. मग कोडेक२ सोबतच्या सी२एन्क या प्रोग्रामने ३२००, १६०० आणि ७००सी या दरांनी बांधा, सी२डेकने सोडवा, आणि ज्यांनी मूळ शब्द ऐकलेले नाहीत अशा लोकांना ऐकवून काय कळले ते लिहून घ्या. दुसऱ्या फेरीत बिटांमध्ये मुद्दाम एक टक्का, मग तीन टक्के चुका घाला. तिसऱ्या फेरीत मागे गर्दीचा आवाज मिसळा. या यादीतून जिल्ह्याच्या रेडिओ नेटसाठी (एका चॅनेलवर शिस्तीने चालणाऱ्या संपर्कासाठी) बोलण्याचे नियम निघतील. उदाहरणार्थ, ‘साठ’ असे न म्हणता ‘सहा, शून्य’ असे एकेक अंक सुटा सांगायचा. असा अभ्यास कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात सहज बसतो. एएमबीईच्या चिपवर ऐकण्याची चाचणी करता येईल, पण निघालेला दोष दुरुस्त करायला आत शिरता येणार नाही.

तिसऱ्या फेरीवर अधिक भर द्यावा लागेल. हे व्होकोडर एका माणसाचा आवाज समोर आहे असे धरून चालतात. रामकुंडावर माइकसमोर एका माणसाचा आवाज कधीच नसतो. ध्वनिक्षेपकावर हरवलेल्यांची नावे चाललेली, शेजारी टाळ-मृदंग, आखाड्यांच्या मिरवणुकीत नगारे. दोन स्वर एकदम आले की व्होकोडर त्यांची एकच उंची शोधतो आणि पलीकडे कळण्यासारखे काही उरत नाही. यात खुला कोडेकही सुटत नाही. कोडेक२ आणि एएमबीई दोघेही इथे घसरतात. फरक असा की खुल्या साखळीत माइक आणि कोडेक यांच्यामध्ये गोंगाट कमी करणारा टप्पा आपण घालू शकतो आणि त्याचा उपयोग होतो की नाही ते मोजू शकतो. तोवर उपाय जुनाच: तोंडाजवळ धरायचा हँड माइक, माइकचा गेन कमी, आणि बोलणे जोरात नाही तर जवळून.

म्हणूनच आपत्तीच्या मुख्य नेटसाठी एफएम सोडू नये असे मी आग्रहाने म्हणतो. एफएमचा सिग्नल कमजोर झाला की आवाजात फुसफुस वाढते आणि सरावलेला कान त्यातूनही ‘पाणी’ आणि ‘पंचवटी’ उचलतो. डिजिटलमध्ये चुका दुरुस्तीच्या आवाक्याबाहेर गेल्या की आवाज एकदम तुटतो. बोलणाऱ्याला वाटते निरोप पोहोचला, ऐकणाऱ्याला वाटते कोणी बोललेच नाही. एफएम हे हॅमच्या हातातले जुने खुले तंत्रज्ञान आहे आणि कोणत्याही कंपनीच्या सेटवर चालते. खुल्या डिजिटलने त्याची जागा घ्यायची नाही, त्याच्या शेजारी बसून त्याला न जमणारी कामे करायची आहेत.

अशा कामांत पहिले येते लिखित निरोपाचे. एपीआरएस या हॅमच्या छोट्या लिखित निरोपांच्या पद्धतीत निरोप जास्तीत जास्त ६७ बाइटचा. देवनागरीत लिहिले तर संगणकाच्या यूटीएफ-८ या लिपीसंकेतामध्ये प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. गोदेला पूर आला की नाशिककर पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत आले ते विचारतात. २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांत गावभर हेच माप चालले. ‘दुतोंड्या’ या शब्दात मात्रा, अनुस्वार आणि हलंत धरून ९ चिन्हे आहेत, म्हणजे २७ बाइट. ‘मारुती’ची ६, म्हणजे १८. मधली जागा धरून ४६ बाइट नावातच संपतात. पाणी गुडघ्याला आहे की गळ्याला हे सांगायला २१ बाइट उरतात, म्हणजे सातच चिन्हे. डायरवुल्फ हे एपीआरएसची पॅकेट पाठवणारे-वाचणारे सॉफ्टवेअर खुले असल्यामुळे यावर तोडगा काढता येतो. १९९१ चे इस्की हे भारतीय मानक प्रत्येक देवनागरी चिन्हाला एकच बाइट देते. त्यात हीच दोन नावे १६ बाइटांत बसतात. दोन्ही टोकांना रूपांतराचा छोटा प्रोग्राम लागेल आणि साध्या सेटच्या पडद्यावर ती अक्षरे विचित्र दिसतील, हा तोटा आहेच. पण मानक प्रसिद्ध असल्याने त्यात लपवाछपवी नाही. एम१७ चे पॅकेट तर ८२३ बाइटपर्यंत जाते, म्हणजे यूटीएफ-८ मध्येही सुमारे २७० चिन्हे. तिथे एका फ्रेममध्ये २५ बाइट जात असल्याने असा छोटा निरोप पाव सेकंदाच्या आत संपतो. १२०० बॉडच्या एपीआरएसला तेवढ्यासाठी सेटची सुरुवातीची वाट धरून सेकंदभर लागतो. गर्दीच्या चॅनेलवर एकमेकांवर न आदळता किती स्टेशने बसतात ते या फरकावर ठरते.

डायरवुल्फने सुरुवात करणे सगळ्यात स्वस्त. जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय, यूएसबी साउंड कार्ड आणि कोणताही एफएम सेट. फसतात ती ठिकाणे ठरलेली आहेत. स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज दाबणारे दार) बंद असेल तर उघडायला जो वेळ लागतो त्यात पॅकेटचे तोंड कापले जाते, म्हणून स्क्वेल्च पूर्ण उघडा. व्हॉक्सवर (आवाज ऐकून आपोआप चालणाऱ्या सोयीवर) पीटीटी, म्हणजे ट्रान्समिटचे बटण, चालवू नका. बोलणे थांबले तरी व्हॉक्स काही काळ ट्रान्समिटर धरून ठेवतो आणि तेवढ्यात समोरून आलेली पोच हुकते. ऑडिओची पातळी डायरवुल्फ स्वतः दाखवतो, ती ५० च्या आसपास ठेवा. टीएक्सडीले (पॅकेट सुरू होण्याआधीची वाट) ३० म्हणजे ३०० मिलिसेकंद. बहुतेक स्वस्त हँडींना, म्हणजे हातातल्या सेटना, तेवढा लागतो. यूएसबी केबलवर फेराइट (रेडिओचा उपद्रव रोखणारे कडे) अडकवले नाही तर ५ वॉटवर ट्रान्समिट करताच साउंड कार्ड गायब होते.

एम१७ साठी नियम कडक आहेत, कारण ४एफएसकेला चार पातळ्या सरळ लागतात. माइकच्या जॅकमधून हे जमत नाही. सेटच्या आत प्रीएम्फसिस वरच्या फ्रिक्वेन्सी उचलतो, ३०० हर्ट्झच्या खालचे कापले जाते, लिमिटर टोके दाबतो, आणि पलीकडे चारच्या जागी धूसर पट्टा दिसतो. गाडीत बसवायच्या अनेक एफएम सेटना मागे सहा पिनांचा डेटा पोर्ट असतो, तो वापरावा: पिन १ डेटा आत, २ ग्राउंड, ३ पीटीटी, ४ म्हणजे डिस्क्रिमिनेटरमधून (एफएममधून मूळ सिग्नल काढणाऱ्या टप्प्यातून) थेट येणारा ९६०० चा आउटपुट. पाचव्या पिनवरचा १२०० चा आउटपुट गाळलेला असतो. चुकून तो जोडला तर सिग्नल पूर्ण असूनही सिंक, म्हणजे फ्रेमची जुळणी, मिळत नाही. सिंक न मिळण्याचे दुसरे कारण उलटी पोलॅरिटी. काही सेटमध्ये धन डेव्हिएशन (फ्रिक्वेन्सीचे मध्यापासून सरकणे) ऋण निघते. सॉफ्टवेअरमध्ये चिन्ह फिरवले की लगेच चालते.

डेव्हिएशन बाहेरच्या चिन्हांना २.४ किलोहर्ट्झ आणि आतल्यांना ०.८ किलोहर्ट्झ हवे. ते मोजायला महागडे यंत्र लागत नाही. ९९८ हर्ट्झचा साइन टोन डेटा पिनवर द्या, आरटीएल-एसडीआर या स्वस्त यूएसबी रिसीव्हरच्या पडद्यावर मधली कॅरियरची रेघ बघत पातळी शून्यापासून हळूहळू वाढवा. ती रेघ पहिल्यांदा पूर्ण नाहीशी होते तेव्हा डेव्हिएशन बरोबर २.४ किलोहर्ट्झ असते, कारण मॉड्युलेशन निर्देशांक २.४०५ ला कॅरियर शून्य होतो. त्या साइनच्या शिखराएवढी बाहेरच्या चिन्हाची पातळी ठेवा, आणि साउंड कार्डला वर थोडी जागा सोडा, कारण फिल्टरमधून गेलेला सिग्नल चिन्हांच्या अधेमधे त्या शिखरापेक्षा वर उसळतो. या एका प्रयोगात विद्यार्थी फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशनबद्दल जे शिकतो ते तयार सेटचा मेनू फिरवून कधीही शिकणार नाही.

रिपीटरकडे वळू. आपल्याकडे हॅमना २ मीटरवर १४४ ते १४६ आणि ७० सेंटिमीटरवर ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ मिळते. परदेशातल्या लेखांत ७० सेंटिमीटरला रिपीटरच्या ऐकण्याच्या आणि पाठवण्याच्या फ्रिक्वेन्सीत ५ मेगाहर्ट्झचे अंतर सांगितलेले असते. आपल्या ४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ते बसतच नाही, आणि ४३५ ते ४३८ उपग्रहांचा भाग आहे, तिथे घरगुती हॉटस्पॉटही (हॅमचा छोटा गेटवे) लावू नये. राहतो २ मीटरचा ६०० किलोहर्ट्झचा फरक. २५ वॉट म्हणजे ४४ डीबीएम पाठवणारा ट्रान्समिटर आणि उणे १२० डीबीएमच्या आसपास ऐकणारा रिसीव्हर एकाच अँटेनावर ठेवायचे तर मध्ये साधारण ८० ते ९० डेसिबलचे पृथक्करण लागते. ते कॅव्हिटी डुप्लेक्सरनेच, म्हणजे दोन्ही फ्रिक्वेन्सी वेगळ्या ठेवणाऱ्या फिल्टरच्या संचानेच, मिळते. पैसे इथे घाला, डिजिटल पेटीवर नाही. पत्र्याच्या पेटीत एप्रिल-मेच्या उन्हात कॅव्हिटी सरकतात. म्हणून ट्यूनिंग दुपारी एकदा आणि पहाटे एकदा तपासावे. पावसाळ्यात पीएल-२५९ कनेक्टरमधून पाणी अँटेनाच्या कोॲक्स केबलमध्ये उतरते, तिथे एन कनेक्टर आणि त्यावर आपोआप चिकटणारी रबर टेप.

रिपीटरचा मेंदू म्हणून एमएमडीव्हीएम घ्यावा. ब्रिटनच्या जोनाथन नेलर यांनी लिहिलेले हे खुले सॉफ्टवेअर एफएम, डीएमआर, डी-स्टार, फ्यूजन आणि एम१७ हे सगळे एकाच रिपीटरवर चालवते. गंमत अशी की डीएमआरचा सिग्नल पुढे ढकलायला त्याला एएमबीईची चिप लागत नाही. आवाज न उघडता बिटच पुढे जातात. म्हणजे ज्यांनी डीएमआरचे हँडी आधीच घेतले आहेत त्यांना कोणी बाहेर काढत नाही. पण एका वेळी एकच पद्धत चालते आणि मोड हँगच्या वेळेत (बोलणे थांबल्यावर तीच पद्धत धरून ठेवण्याच्या काळात) इतरांना दार बंद असते, म्हणून पर्वणीच्या दिवसांत एफएम आणि एम१७ एवढेच चालू ठेवून बाकी बंद करावे. हँग टाइम ४-५ सेकंद पुरतो.

वीज मोजून ठेवा. ट्रान्समिटला ६ अँपियर, ऐकताना अर्धा अँपियर धरला आणि निम्मा वेळ बोलणे चालले तर सरासरी सव्वातीन अँपियर. २४ तासांना ७८ अँपियर-अवर. १०० अँपियर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी दिवसभर आरामात निभावते. १२ व्होल्टवरून ५ व्होल्ट करणारे स्वस्त कन्व्हर्टर १४५ मेगाहर्ट्झवर खरखर सोडतात; ते धातूच्या डबीत, फेराइट लावून. रास्पबेरी पायचे कार्ड वीज अचानक गेल्यावर बिघडते, म्हणून फाइलसिस्टिम फक्त वाचण्यापुरती ठेवावी आणि तयार केलेले दुसरे कार्ड पेटीतच चिकटवून ठेवावे. त्र्यंबकची गोष्ट वेगळी आहे: नाशिकपासून तीसेक किलोमीटर, आजूबाजूला अंजनेरी आणि ब्रह्मगिरीच्या रांगा, शहरातला हँडी थेट पोहोचत नाही. तिथे वेगळे स्टेशन लागेल. जागा वनखात्याची की पुरातत्त्वाची हे पाहून लेखी परवानगी आणि रिपीटरसाठी डब्ल्यूपीसी या केंद्राच्या वायरलेस परवाना विभागाची मान्यता, या कामाला रेडिओच्या कामापेक्षा जास्त महिने जातात.

आक्षेपांपैकी एक वजनदार आहे: एम१७ चे तयार हँडी बाजारात मोजकेच आहेत, डीएमआरचे भरपूर. हे खरे आहे. ओपनआरटीएक्स हे खुले फर्मवेअर टीवायटीच्या एमडी-३८० सारख्या काही सेटवर चालते, पण त्यांवर एम१७ मिळवायचे तर बोर्डावर बारीक सोल्डरिंग लागते. पातळ टोकाचे सोल्डरिंग आयर्न आणि भिंग नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. मॉड्यूल१७ हा खुल्या आराखड्याचा बोर्ड डेटा पोर्ट असलेल्या कोणत्याही एफएम सेटला जोडता येतो. क्लबसाठी हाच मार्ग शहाणपणाचा. काहींच्या कानाला एएमबीईचा आवाज कोडेक२ पेक्षा गोड वाटतो, त्यांच्याशीही मी वाद घालणार नाही. पण सिंहस्थाला लागणारी स्टेशने हजारोंनी नाहीत. घाट, साधुग्राम, रुग्णालय, नियंत्रण कक्ष आणि त्र्यंबक अशा ठरलेल्या जागी एम१७ च्या निरोपांचे संच आणि बाकी सगळ्यांच्या हातात एफएम, एवढे पुरे.

प्रशासनाकडून ‘गुप्त ठेवता येईल का’ असे विचारले जाते. उत्तर स्पष्ट द्यावे: नाही. अर्थ लपवण्यासाठी संदेश बांधायचा नाही हा हौशी सेवेचा दंडक आहे. एम१७ च्या मानकात एन्क्रिप्शनची सोय आहे, हॅमच्या बँडवर ती बंदच ठेवायची. मेशटॅस्टिकसारख्या लोरा (कमी शक्तीच्या दूर पल्ल्याच्या रेडिओच्या) जाळ्यांतही ती मुळात चालू असते आणि हॅम म्हणून वापरताना काढावी लागते. (लोराचे मॉड्युलेशन स्वतः सेमटेकच्या मालकीचे आहे, वरचे सॉफ्टवेअर खुले म्हणून सगळे खुले असा समज करून घेऊ नये.) रुग्णांची नावे हवेत बोलायचीच नाहीत, फक्त जागा, संख्या आणि गरज. मात्र निरोप खरोखर नियंत्रण कक्षातूनच आला आहे हे सिद्ध करायची गरज रास्त आहे, कारण पर्वणीच्या दिवशी अफवा जीव घेते. एम१७ च्या मानकात डिजिटल स्वाक्षरीची तरतूद आहे. संदेश सगळ्यांना वाचता येतो आणि स्वाक्षरी कोणीही पडताळू शकतो. पारदर्शकता आणि विश्वास एकत्र मिळण्याची ही वाट बंद पेटीत आपल्या हातात नसते.

हे सगळे परदेशी मंडळींचे काम आहे आणि आपण फक्त वापरणारे, असेही कोणी म्हणू नये. हैदराबादचे अशहर फरहान यांनी बिटएक्स हा लघुलहरींवर बोलायचा एसएसबी ट्रान्सीव्हर भारतात सहज मिळणाऱ्या भागांतून रचला, त्यातल्या एका कॉइलसाठी नळाचा वॉशर वापरला, आणि आराखडा सगळ्यांना दिला. तो जगभर बांधला गेला, लोकांनी सुधारला, आणि त्याच घराण्यातल्या एसबिटएक्समध्ये आता रास्पबेरी पाय बसून सॉफ्टवेअरने रेडिओ चालवतो. एफटी८ या कमजोर सिग्नलच्या डिजिटल पद्धतीचे तसेच: २०१७ मध्ये जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी आणले, कोड खुला होता म्हणून त्यातूनच जेएस८कॉल निघाले आणि पंधरा सेकंदांच्या ठराविक देवाणघेवाणीच्या जागी खरे बोलणे टाइप करता येऊ लागले. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पीसीबी हाताळणारे हात आणि ओझरच्या विमान कारखान्याने घडवलेली तंत्रज्ञांची पिढी असलेल्या या जिल्ह्यात मॉड्यूल१७ चा बोर्ड जोडणारा माणूस शोधायला फार लांब जावे लागणार नाही.

शेवटचा मुद्दा देणगीचा. सिंहस्थाच्या निमित्ताने कोणी उद्योग किंवा संस्था तयार बंद डिजिटल रिपीटर देऊ करेल, आणि फुकटची वस्तू नाकारणे जड जाईल. नाकारू नये, पण तीन गोष्टी लेखी मागाव्यात. तो साध्या एफएम मोडमध्ये, कोणत्याही परवाना-कीशिवाय, कायम चालला पाहिजे. प्रोग्रॅमिंगचे सॉफ्टवेअर आणि केबल क्लबच्या ताब्यात हवी, विक्रेत्याच्या नव्हे. आणि त्याचा रिसीव्हर व ट्रान्समिटर एमएमडीव्हीएमला जोडता येतील असे डिस्क्रिमिनेटर आणि मॉड्युलेशनचे बिंदू सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दाखवलेले हवेत. तिसरी अट मान्य झाली तर तो बंद रिपीटर एका संध्याकाळच्या सोल्डरिंगने खुला होतो. मान्य झाली नाही तर त्यातले डुप्लेक्सर आणि अँटेना तरी मिळतील का ते विचारावे. खर्चाचा मोठा भाग तिथेच असतो.